पट्टा कोणी आखला? डकोटा ॲक्सेस पाइपलाइनच्या वाटेवरचे दगड

शुक्रवार, २ सप्टेंबर २०१६ रोजी वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयात एक शपथपत्र दाखल झालं. ते दिलं होतं टिम मेंट्झ यांनी. स्टँडिंग रॉक सू या जमातीचे ते माजी वारसा जतन अधिकारी. नॉर्थ डकोटा राज्यात कॅननबॉल नदीच्या उत्तरेला एका खासगी कुरणातून तेलाची पाइपलाइन जाणार होती. जमीनमालकाने परवानगी दिल्यावर मेंट्झ आणि त्यांचे सहकारी त्या वाटेवरून काही दिवस पायी फिरले होते. तिथे ८२ दगडी रचना व पुरातत्त्वीय जागा आणि २७ दफनं आढळली, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. जागा नेमक्या कुठे आहेत, तेही कागदावर आलं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, त्याच जमिनीवर बुलडोझर आले. सोमवारी कामगार दिनाची सुट्टी होती, म्हणजे सलग तीन दिवस न्यायालय बंद. जमातीच्या म्हणण्यानुसार सुमारे दोन मैल लांब आणि दीडशे फूट रुंद पट्ट्यावरची वरची माती त्या दिवशी खरवडून काढली गेली. ते थांबवायला धावलेल्या लोकांवर खासगी सुरक्षारक्षकांनी कुत्रे घातले. ती दृश्यं जगभर पाहिली गेली.

डकोटा ॲक्सेस म्हटलं की बहुतेकांना ते कुत्रे, नदीकाठचे तंबू आणि कडाक्याच्या थंडीत आंदोलकांवर मारलेले पाण्याचे फवारे आठवतात. मला इथे दुसरी गोष्ट तपासायची आहे. या जमिनीची पुरातत्त्वीय पाहणी बांधकामाआधी झालेली होती. ती परवानाधारक पुरातत्त्वज्ञांनी केली होती आणि राज्याच्या वारसा कार्यालयाने तपासली होती. मग त्याच जमिनीवर नंतर चालून गेलेल्या माणसाला २७ दफनं कशी दिसली? कोणीतरी खोटं बोललं, हे सोपं उत्तर झालं. कागदपत्रं वाचत गेल्यावर मला ते पटेनासं झालं. खरं उत्तर जास्त त्रासदायक आहे, आणि पाइपलाइन, विजेच्या तारा किंवा जलवाहिनी टाकण्याआधी जमीन तपासणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे.

कायदा कुठे लागतो

अमेरिकेत १५ ऑक्टोबर १९६६ रोजी राष्ट्रीय ऐतिहासिक जतन कायदा झाला. त्याचं कलम १०६ म्हणजे तिथल्या बांधकामपूर्व पाहणीचा कणा. केंद्र सरकारचा पैसा किंवा परवाना ज्या कामात आहे, त्या कामाचा ऐतिहासिक जागांवर काय परिणाम होईल हे आधी विचारात घ्यावं, असं ते कलम सांगतं. ते कशालाही बंदी करत नाही. बघा, विचारा, नोंद घ्या आणि मग ठरवा, इतकीच त्याची मागणी. १९९२ च्या दुरुस्तीने त्यात जमातींचं स्थान पक्कं झालं. एखादी जागा जमातीला धार्मिक किंवा सांस्कृतिक दृष्ट्या महत्त्वाची असेल, तर ती राखीव प्रदेशाबाहेर असली तरी जमातीशी सल्लामसलत करणं सरकारी यंत्रणेवर बंधनकारक झालं.

मात्र सगळं अवलंबून आहे ते ‘केंद्राचा परवाना’ या दोन शब्दांवर. अमेरिकेत नैसर्गिक वायूची आंतरराज्य पाइपलाइन टाकायला केंद्रीय आयोगाची मंजुरी लागते. देशांतर्गत तेलाच्या पाइपलाइनला तशी सर्वंकष मंजुरी लागत नाही. डकोटा ॲक्सेस नॉर्थ डकोटातल्या तेलक्षेत्रापासून साउथ डकोटा, आयोवा ओलांडून इलिनॉयपर्यंत जाते. लांबी १,१७२ मैल. त्यातला ९९ टक्के मार्ग खासगी जमिनीतून. केंद्राचा संबंध येतो तो मुख्यतः पाणी आडवं येतं तिथे, कारण नद्या-ओढे ओलांडायला लष्कराच्या अभियंता दलाची परवानगी लागते. आणि तिथेही प्रत्येक ओलांडणीसाठी वेगळा परवाना नव्हता. पाइप, केबल यांसारख्या ‘युटिलिटी लाइन’साठी आधीच मंजूर करून ठेवलेला एक सरसकट परवाना तेव्हा होता, क्रमांक १२. तो अशा २०४ ओलांडण्यांना लागू झाला.

म्हणजे कलम १०६ च्या नजरेत ही सलग रेघ नव्हतीच. नकाशावर विखुरलेले ठिपके होते. दोन ठिपक्यांमधली मैलोन्मैल जमीन राज्यांच्या नियमांवर सोडलेली. मेंट्झ ज्या कुरणातून चालले, ते अशाच दोन ठिपक्यांच्या मधलं.

कंपनीने काय केलं होतं

इथे पाइपलाइन टाकणाऱ्या कंपनीच्या बाजूने जे आहे ते पुरतं मांडायला हवं, नाहीतर प्रकरण समजणारच नाही.

मार्ग ठरवताना तिने पूर्वीच्या सर्वेक्षणांच्या नोंदी पाहिल्या आणि माहीत असलेल्या जागा टाळून रेघ ओढली. जुलै २०१४ मध्ये त्या रेघेभोवती ४०० फूट रुंद पट्ट्यात पाहणीचे हक्क घेतले. नॉर्थ आणि साउथ डकोटात हा पट्टा पूर्ण लांबीभर तपासला गेला. जिथे जमीन उघडी दिसते, तिथे पृष्ठभागाची नजरपाहणी झाली. काही ठिकाणी त्याहून कसून काम झालं. ठरावीक अंतरावर फावड्याने लहान खड्डे घेऊन पाहिले गेले. शोध पाहणी आणि सखोल पाहणी असे हे दोन दर्जे. अहवालात दोन्हींपुढे ‘पाहणी पूर्ण’ असाच शेरा येऊ शकतो, पण त्या शेऱ्याचं वजन दोन्हीकडे सारखं नसतं. अहवाल वाचणाऱ्याने पहिल्यांदा हेच विचारलं पाहिजे.

नॉर्थ डकोटात या पाहणीतून ऐतिहासिक जागांच्या राष्ट्रीय नोंदवहीत जाऊ शकतील अशा १४९ जागा पुढे आल्या. त्यांतल्या ९१ जागांवर दगडी रचना होत्या. कंपनीने त्या सर्व ९१ टाळल्या आणि उरलेल्यांतल्या ९ सोडून बाकीच्याही टाळल्या. त्या ९ जागांसाठी राज्याच्या वारसा अधिकाऱ्यांशी बोलून उपाय ठरवले. एकट्या या राज्यात मार्ग १४० वेळा बदलला. हे सगळं ९ सप्टेंबर २०१६ च्या न्यायालयीन निकालात नोंदलेलं आहे. ज्या भागावरून वाद पेटला, तिथे १९८२ मध्ये टाकलेली वायूची पाइपलाइन आधीपासून होती आणि नवी रेघ तिच्या शेजारून जात होती. एकदा खणलेल्या जमिनीच्या कडेने जायचं, ही अशा कामांतली सर्वमान्य रीत आहे.

हे आकडे पाहिल्यावर ‘कंपनीने पाहणीच केली नाही’ असं म्हणता येत नाही. दगडी रचना ओळखणारे लोक तिच्याकडे होते. नसते तर ९१ आकडा आलाच नसता.

दगड वाचणं

उत्तरेच्या या गवताळ मैदानात पुरावा म्हणजे उभ्या भिंती किंवा खापरांनी भरलेलं पांढरीचं टेकाड नव्हे. इथे असतात ते मुठीएवढे, डोक्याएवढे दगड. चामड्याच्या तंबूची कड दाबून धरायला गोलाकार मांडलेले. वाटेची किंवा दफनाची खूण म्हणून रचलेले. उपवास करणाऱ्याने प्रार्थनेच्या जागी ठेवलेले. एखादा प्राणी किंवा ताऱ्यांची मांडणी दाखवणारे. वर गवत वाढतं, मरतं, त्याची माती होते आणि वर्षानुवर्षांनी दगडाचा फक्त माथा उघडा राहतो. शेजारच्या शेतकऱ्याने नांगरताना वेचून टाकलेले दगडही असेच दिसतात. बर्फयुगात हिमनद्यांनी आणून टाकलेले तर सगळीकडेच.

कोणता दगड कोणी ठेवला, हे मग ओळखायचं कसं? प्रशिक्षित पुरातत्त्वज्ञ आकृती बघतो: पूर्ण वर्तुळ आहे का, दगड मातीत किती रुतलाय, त्यावरचं दगडफूल अखंड आहे का, आसपास छिलके किंवा हत्यारं सापडतात का. हे शास्त्र खरं आहे आणि उपयोगाचं आहे. पण पाच दगडांची तुटक ओळ असेल, सोबत एकही वस्तू नसेल, तर या कसोट्यांवर ती ओळ ‘अनिश्चित’ ठरते. अनिश्चित गोष्ट नोंदवहीत सहसा जात नाही.

मेंट्झ यांच्या शपथपत्रातली एक जागा मला सारखी आठवते. दगडांची एक मांडणी त्यांनी ‘इयोकाप्तान तान्का’ म्हणून ओळखली. आपण ज्यांना सप्तर्षी म्हणतो तेच हे तारे. त्यांच्या सांगण्याप्रमाणे अशी मांडणी फार मोठ्या नेत्याच्या दफनाशी जोडलेली असते आणि क्वचितच आढळते. आता विचार करा, फावडं आणि टेप घेऊन रांगेत चालणाऱ्याला इथे काय दिसेल? वेड्यावाकड्या अंतरावरचे काही दगड. त्याचा प्रामाणिकपणा शंभर टक्के धरला तरी एवढंच. आकाशातल्या आकृतीशी ते दगड जुळवायचे, तर ती आकृती आणि तिच्यामागचा विधी आधी माहीत हवा. ते ज्ञान आजोबांकडून नातवाला मिळत आलेलं, आणि बरंचसं बाहेरच्यांना सांगायचं नाही असं. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने १९९० मध्येच परंपरेमुळे महत्त्व असलेल्या जागा कशा ओळखायच्या याची मार्गदर्शिका काढली होती. जागेचं महत्त्व तिला मानणाऱ्या समाजाला विचारल्याशिवाय कळत नाही, हे तिथे सरकारी भाषेत स्पष्ट लिहिलेलं आहे.

म्हणून मला वाटतं, दोन्ही पाहण्या आपापल्या जागी खऱ्या असू शकतात. कंपनीने न्यायालयात सांगितलं की मेंट्झ यांनी दाखवलेल्या अनेक जागा बांधकामाच्या पट्ट्याबाहेरच आहेत. काही बाबतींत तसं असेलही. पण जी जागा एका पाहणीत ‘जागा’ म्हणून मोजलीच गेली नाही, ती टाळली की नाही हा प्रश्नच त्या पाहणीपुढे येत नाही.

बोलावणं आणि नकार

मग जमातीला विचारलं होतं का?

अभियंता दलाच्या नोंदींत पत्रं आहेत, फोन आहेत, बैठकांची निमंत्रणं आहेत. जमातीने त्यांतल्या बऱ्याच निमंत्रणांना प्रतिसाद दिला नाही किंवा अपुरा दिला, असा निष्कर्ष न्यायाधीश जेम्स बोसबर्ग यांनी काढला. जमातीची बाजू अशी: आम्हाला बोलावलं ते ठिपके बघायला. आमची मागणी पहिल्यापासून होती की संपूर्ण मार्ग तपासा, आणि तपासताना आमची माणसं सोबत घ्या. मर्यादित ओलांडण्यांवरच्या पाहणीला गेलो, तर बाकीच्या मार्गाला आमची मूक संमती धरली जाईल.

ऐतिहासिक जतनाची केंद्रीय सल्लागार परिषद, म्हणजे कलम १०६ ची देखरेख करणारी संस्था, हिनेही दलाच्या या अरुंद व्याख्येवर २०१६ मध्ये लेखी आक्षेप घेतला होता. दल बधलं नाही. मिसुरी नदीवरच्या ओआहे सरोवराखालून पाइप आडवं छिद्र पाडून खोलवरून जाणार, म्हणून तिथे कोणत्याही ऐतिहासिक जागेवर परिणाम नाही, असा निर्णय त्याने २२ एप्रिल २०१६ रोजी दिला. चार दिवसांत राज्याच्या अधिकाऱ्यांनी त्याला सहमती दिली. जुलैअखेरीस परवानगी मिळाली आणि लगेच जमात न्यायालयात गेली.

याच काळातला एक छोटा प्रसंग माझ्या मते सगळ्यात बोलका आहे. अप्पर सू या दुसऱ्या समुदायाने दलाचं निमंत्रण स्वीकारलं आणि जेम्स नदीच्या ओलांडणीवर त्यांची माणसं फिरली. आधीच्या पाहणीत सुटलेल्या जागा त्यांनी दाखवल्या आणि दलाला त्यांची दखल घ्यावी लागली. न्यायालयाने हा दाखला स्टँडिंग रॉकच्या विरुद्ध वापरला: गेला असतात तर तुमचंही ऐकलं असतं. युक्तिवाद म्हणून तो बरोबर आहे. पण त्याच दाखल्याचा दुसरा अर्थ असा की जमातीचे डोळे जिथे पोचले, तिथे पहिली पाहणी अपुरी ठरली. मग बाकीच्या २०० ओलांडण्यांचं आणि त्यांच्यामधल्या शेकडो मैलांचं काय? निकालात या प्रश्नाला जागा नव्हती, कारण कायद्यानेच ती ठेवलेली नव्हती.

९ सप्टेंबरला बोसबर्ग यांनी जमातीने मागितलेली स्थगिती नाकारली. अमेरिकेचं मूळ रहिवाशांशी नातं वादाचं आणि शोकांत राहिलं आहे, अशी कबुली त्यांनी निकालाच्या सुरुवातीलाच दिली. पण खासगी जमिनीवरचं बांधकाम दलाच्या परवान्यावर अवलंबून नाही, म्हणून परवाना अडवून ते थांबणार नाही, हा त्यांच्या निर्णयाचा गाभा होता. कुरणातले दगड नेमके या फटीत पडले.

माती उलटल्यावर

राज्याच्या इतिहास संस्थेचे पुरातत्त्वज्ञ सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात त्या पट्ट्यावर गेले. मानवी अवशेष किंवा महत्त्वाची जागा आढळली नाही, असा त्यांचा अहवाल आला. कंपनीने तो आपल्या बाजूचा पुरावा मानला आणि अनेक बातम्यांनी प्रकरण तिथेच मिटवलं. मला ते पटत नाही. पुरावा दगडांच्या मांडणीत असेल, तर वरची माती खरवडल्यावर मांडणी उरत नाही. दगड उरतात, पण कडेला ढिगाऱ्यात. त्या दिवशी जमिनीवर काय राहिलं होतं ते अहवाल सांगू शकतो. ३ सप्टेंबरच्या सकाळी तिथे काय होतं, याबद्दल तो काहीच सांगू शकत नाही. त्याच महिन्यात संग्रहालयांतल्या आणि पुरातत्त्वातल्या बाराशेहून अधिक जाणकारांनी या तोडफोडीचा निषेध करणारं पत्र काढलं, त्यामागे हीच जाणीव होती.

पुढे ऑक्टोबरमध्ये बांधकाम चालू असताना नवे दगडी ढिगारे सापडले. कंपनीने राज्याच्या वारसा अधिकाऱ्यांच्या संमतीने वाट वळवली, पण राज्याच्या सार्वजनिक सेवा आयोगाला वेळेत कळवलं नाही, आणि आयोगाने त्याबद्दल तक्रार दाखल केली. प्रकरण छोटं आहे. त्यातून एवढं मात्र दिसतं, की पूर्ण तपासलेल्या पट्ट्यातही न दिसलेलं काही निघतं आणि ते निघाल्यावर कोणी कोणाला सांगायचं हे आधी ठरलेलं असावं लागतं.

ही जमीन याआधीही एकदा तपासली गेली होती, हे फार कमी लिहिलं जातं. मिसुरी नदीवरच्या मोठ्या धरणांच्या योजनेत १९४६ पासून स्मिथसोनियन संस्थेच्या पथकांनी बुडणाऱ्या खोऱ्यांत बचाव उत्खननं केली. १९६९ पर्यंत हे काम चाललं. मैदानी प्रदेशाच्या प्राचीन इतिहासाबद्दल आज जे माहीत आहे, त्यातलं पुष्कळ याच घाईच्या कामातून आलं. मग ओआहे धरणाचं पाणी चढलं आणि स्टँडिंग रॉकची सुमारे ५६,००० एकर जमीन गेली. त्यात नदीकाठची झाडी होती, शेतं होती आणि वस्त्याही होत्या. कॅननबॉल नदीला नाव मिळालं ते तिच्या मुखाशी सापडणाऱ्या तोफगोळ्यासारख्या वाटोळ्या दगडांवरून. जमातीच्या इतिहासकार लाडोना ब्रेव्ह बुल अलार्ड सांगत की कॅननबॉल आणि मिसुरी या दोन नद्यांच्या भोवऱ्यात ते घडत, आणि अभियंता दलाच्या कामानंतर भोवराच गेला. २०१६ मध्ये त्याच दलाचं पत्र आलं, की अमुक ओलांडणीवर तुमची काही जागा असेल तर कळवा. ते पत्र कोणत्या मनाने वाचलं गेलं असेल, हे फायलीतल्या निमंत्रणांच्या यादीवरून समजत नाही.

कोणत्या टप्प्यावर वेगळं होऊ शकलं असतं

जुलै २०१४. माझं बोट पुन्हापुन्हा तिथेच जाऊन थांबतं. नोंदी पाहून झाल्या होत्या, रेघ कागदावर होती, पाहणीची माणसं अजून जमिनीवर उतरायची होती. त्या वेळी रांगेत चालणाऱ्या पथकात लाकोटा आणि डकोटा या सू लोकांच्या भाषा बोलणारी, दगड वाचू शकणारी दोन-चार माणसं असती, तर १४९ चा आकडा वाढला असता आणि मार्ग कदाचित १४० ऐवजी १५० वेळा वळला असता. जी कंपनी १४० वेळा वळली, तिला आणखी दहा वळणं जड नव्हती. २०१६ मध्ये तेच वळण अशक्य झालं, कारण तोवर हक्क घेतले होते, पाइप आणले होते, कामाच्या तारखा ठरल्या होत्या. उशिरा आलेली माहिती खरी असली तरी तेव्हा ती अडथळा म्हणूनच पाहिली गेली.

दुसरी गोष्ट गुप्ततेची. दफनं कुठे आहेत हे जमात आधीच का सांगत नाही, असं लोक सहज विचारतात. सांगितलेली जागा लुटली जाते, हा तिचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. आणि यावेळी ती सांगितली, त्याच्या दुसऱ्या दिवशी बुलडोझर आले. यंत्रं मुद्दाम तिथे वळवली का, यावर दोन्ही बाजूंनी वाद घातला आणि मी त्याचा निवाडा करू शकत नाही. पण दोन तारखा शेजारी आहेत, आणि पुढच्या वेळी कोणी वडीलधारा माणूस जागा दाखवायला का कचरतो हे समजायला तेवढं पुरेसं आहे.

नियम थोडे हलले आहेत. सल्लागार परिषदेने मार्च २०२३ मध्ये दफनभूमी आणि मानवी अवशेषांबाबत नवं धोरण स्वीकारलं आणि मार्च २०२४ मध्ये मूळ रहिवाशांच्या ज्ञानाबाबत वेगळं. त्या ज्ञानाला स्वतंत्र, पुरेसा पुरावा मानावं, असं आता तिथे लिहिलेलं आहे. २०२१ पासून सरसकट परवाना क्रमांक १२ फक्त तेल आणि वायूच्या वाहिन्यांपुरता उरला. विजेच्या तारांना आणि पाण्यासारख्या इतर वाहिन्यांना वेगळे परवाने झाले. परवाना मात्र अजून ओलांडण्यांपुरताच आहे.

पाइपलाइनमधून १ जून २०१७ पासून तेल वाहतं आहे. न्यायालयात जमातीला पुढे जे यश मिळालं ते पाण्याच्या मुद्द्यावर. तेलगळतीच्या धोक्याचा पुरेसा अभ्यास झाला नाही, म्हणून मार्च २०२० मध्ये बोसबर्ग यांनीच सविस्तर पर्यावरणीय अहवालाचा आदेश दिला आणि अपिलातही तो टिकला. २०२३ च्या सप्टेंबरात त्याचा मसुदा आला. तो अहवाल सरोवराखालच्या ओलांडणीबद्दल आहे. पश्चिमेकडचं कुरण त्याच्या कक्षेत येत नाही. तिथे सप्तर्षींची मांडणी होती की नव्हती, हे आता जमिनीवर जाऊन कोणालाच तपासता येणार नाही. जे काही नोंदलं गेलं ते २ सप्टेंबरच्या शपथपत्रात आहे, दावा क्रमांकाखाली, इतर कागदांबरोबर शिवलेलं.